जबड्याच्या दुखण्यावरचा इलाज पारखताना

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यासाठी एका दवाखान्यात रात्री घालायची कवळी सुचवली जाते, दुसऱ्या ठिकाणी दाढा घासून ‘चावा बसवून’ घेण्याचा सल्ला मिळतो, तिसऱ्या ठिकाणी इंजेक्शनाचे नाव निघते, आणि तिन्हीकडे ‘संशोधनाने सिद्ध झालेला उपचार’ हेच शब्द कानी पडतात. मग यांपैकी खरे काय मानायचे, अशी विचारणा वाचकांकडून वारंवार होते. या विचारणेला एका वाक्यात उत्तर देता येत नसले, तरी कोणत्या प्रश्नांनी दावा पारखायचा आणि पैसे भरण्याआधी काय तपासायचे, हे सामान्य वाचकालाही निश्चितपणे शिकता येते. त्यासाठी संख्याशास्त्र येण्याची गरज नाही. ‘कोणाच्या तुलनेत?’ हा एक प्रश्न न संकोचता विचारता आला तरी बरेचसे काम होते.

आधी दुखणे कोणते, ते ठरवून घ्या

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले आणि मिटले असता बोटाखाली जे सरकते, ते खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक होय. हे टोक कवटीच्या खोबणीत फिरते आणि दोहोंच्या मध्ये तंतुमय ऊतीची एक पातळ चकती असते. दवाखान्यात ज्याला सरसकट ‘टीएमजेचा त्रास’ (जबड्याच्या सांध्याचा त्रास) म्हटले जाते, त्यात प्रत्यक्षात निरनिराळी दुखणी येतात: चावण्याच्या स्नायूंचे दुखणे, चकती जागची सरकल्यामुळे होणारा ‘टक्’ आवाज किंवा जबडा अडकणे, आणि सांध्याची झीज. या प्रकारांच्या निदानासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले निकष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले असून, त्यानंतरच्या एखाद्या प्रयोगात रुग्ण कोणत्या निकषांनी निवडले हे सांगितलेच नसेल, तर त्या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्याला लागू होतो की नाही हे कळण्यास मार्ग उरत नाही. स्नायूंच्या दुखण्यावर गुण आलेला उपाय अडकलेल्या चकतीलाही लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ नेहमी होतो. तोंड कमी उघडण्याचे कारण दर वेळी सांध्यातच असते असे नाही. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीने गालाच्या आतील अस्तराखाली कठीण तंतू साचत जातात, अस्तर पांढुरके व ताठ होते, तिखट खाल्ले की तोंडाची आग होते, आणि तोंड हळूहळू आवळत जाते. दंतवैद्य या विकाराला ‘ओएसएमएफ’ म्हणतात. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, तरी सुपारी सहज मिळतेच. अशा रुग्णाने सांध्यासाठी कवळी घेत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय, कारण हा विकार कर्करोगाकडे झुकू शकतो: केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात 66 रुग्णांवर 17 वर्षे लक्ष ठेवून 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांपैकी 7.6 टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले होते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी अशी, की तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. तीन बोटे जात नसतील, तर इलाजांची तुलना करण्याआधी निदान पक्के करून घ्यावे.

पुढील लक्षणे असल्यास संशोधन वाचत बसू नये, त्वरित डॉक्टरांकडे जावे:

- तोंड उघडेच राहिले आणि मिटत नाही;
- जबड्यावर सूज आणि ताप, किंवा हनुवटी वा ओठ बधिर होणे;
- दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा वा लाल चट्टा;
- पन्नाशीनंतर प्रथमच चावताना जबडा भरून येणे आणि त्यासोबत कानशिलात दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे;
- जिना चढताना किंवा चालताना जबड्यात येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ, जी हृदयाकडून आलेली असू शकते.

‘मला गुण आला’ हा पुरावा का ठरत नाही

तोंड आल्यावर होणारे छोटे व्रण बहुधा 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतात. म्हणून पाचव्या दिवशी लावलेले कोणतेही मलम दहाव्या दिवशी गुणकारी ठरते. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याचेही बरेचसे असेच आहे. ते चढते, उतरते, काही महिने गप्प बसते आणि अनेकांच्या बाबतीत मोठ्या उपचाराविना निवळते. माणूस मात्र डॉक्टरांकडे जातो ते दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार यायचाच असतो. त्या उताराचे श्रेय ज्याच्या त्याच्या हातातल्या उपचाराला मिळते.

याचा सर्वांत बोलका दाखला 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांच्या अमेरिकेतील प्रयोगाचा आहे. त्या काळी दातांचा चावा नीट बसत नाही म्हणून जबडा दुखतो, अशी समजूत दृढ होती आणि त्यामुळे दातांचे उंचवटे घासून चावा ‘समतोल’ करण्याची पद्धत सर्रास चालत असे. या संशोधकांनी जबड्याच्या स्नायूंचे दुखणे असलेल्या 25 रुग्णांवर हा उपचार केल्याचे केवळ नाटक केले: खुर्ची, यंत्राचा आवाज, तोंडात फिरणारे हत्यार, सारे काही होते, फक्त ज्याने चावा बदलेल असे घासणे झाले नाही. तरीही 25 पैकी 16 रुग्णांनी, म्हणजे 64 टक्क्यांनी, दुखणे पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे गेल्याचे सांगितले. हे रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांचे दुखणे खरेच कमी झाले होते. प्रश्न एवढाच, की ज्यांचे दात खरोखर घासले गेले आणि ज्यांना नंतर बरे वाटले, त्यांना घासण्यामुळे बरे वाटले असे कशावरून म्हणावे? घासलेले दात मात्र परत येत नाहीत.

औषधी गुण नसलेली गोळी किंवा असा लुटुपुटीचा उपचार देऊन जो परिणाम दिसतो त्याला प्लासिबो परिणाम म्हणतात, आणि वेदना हे त्याचे आवडते क्षेत्र आहे. म्हणूनच ज्या उपचाराच्या समर्थनार्थ केवळ ‘आमच्या इतक्या रुग्णांना आराम पडला’ एवढेच सांगितले जाते, तो दावा कितीही प्रामाणिक असला तरी पुराव्याच्या पहिल्या पायरीवरही चढत नाही.

प्रयोगाचा अहवाल हाती आला तर काय पाहावे

डॉक्टरांनी एखाद्या संशोधनाचा दाखला दिला, तर त्याचे शीर्षक मागून घ्या. बहुतेक अहवालांचा सारांश इंटरनेटवर विनामूल्य मिळतो, आणि कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांना, म्हणजे एकाच प्रश्नावरील सर्व प्रयोग एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांना, सोप्या भाषेतील सारांशही जोडलेला असतो. सारांशात पुढील गोष्टी शोधा.

1. तुलनेचा गट. उपचार मिळालेल्यांची तुलना कोणाशी केली: काहीच न मिळालेल्यांशी, लुटुपुटीचा उपचार मिळालेल्यांशी, की साध्या व्यायामाशी? शेवटच्या दोन तुलनांतून बरेच कळते, पहिलीतून फारच थोडे.
2. विभागणी. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले पाहिजे. डॉक्टरांनी निवड केली असेल, तर सौम्य दुखण्याचे रुग्ण आवडत्या उपचाराकडे नकळत ढकलले जातात.
3. मोजणारा. तोंड किती उघडते हे ज्याने मोजले, त्याला रुग्ण कोणत्या गटातला आहे ते माहीत होते का? व्यायामासारख्या उपचारात रुग्णापासून गट लपवता येत नाही, पण मोजणाऱ्यापासून लपवता येतो, आणि तेवढेही केलेले नसेल तर शंका घ्यावी.
4. मुदत. कमीजास्त होत राहणाऱ्या दुखण्यावर चार आठवड्यांचा प्रयोग फारसे काही सांगत नाही. सहा महिने ते वर्षभराचा पाठपुरावा असावा.
5. गळती. सुरुवातीला किती रुग्ण होते आणि शेवटी किती उरले? जे येईनासे झाले ते बरे झाले म्हणून, की कंटाळले म्हणून?

यानंतर आकडे. दुखणे बहुधा 0 ते 10 या पट्टीवर मोजले जाते. समजा, एका प्रयोगात नव्या उपचाराने दुखणे 7 वरून 4 वर आले आणि जाहिरातीत ‘दुखणे 3 अंकांनी घटले’ असे छापले गेले. परंतु त्याच प्रयोगात तुलनेच्या गटाचे दुखणे 7 वरून 4.5 वर आले असेल, तर उपचाराचे स्वतःचे श्रेय केवळ अर्ध्या अंकाचे आहे, उरलेले अडीच अंक काळाचे आणि विश्वासाचे. अर्ध्या अंकाचा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर ‘लक्षणीय’ ठरू शकतो, कारण तिथे लक्षणीय याचा अर्थ ‘निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसणे अवघड’ एवढाच असतो. भाकरी चावताना तो फरक जाणवेल की नाही, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. या पट्टीवर साधारण 1 अंकाहून कमी फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानला जात नाही.

ओएसएमएफवरील प्रयोगांत हाच प्रश्न मिलिमीटरच्या रूपाने येतो. या विकारावर स्टेरॉइडची इंजेक्शने, टोमॅटोतील लाल रंगद्रव्य असलेले लायकोपीन, हळदीतील कर्क्युमिन अशा अनेक उपायांचे प्रयोग भारतातच झाले आहेत, आणि त्यांत यशाचे मुख्य माप म्हणजे वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतर. आता हे अंतर मोजताना पट्टी थोडी तिरकी झाली, रुग्णाने त्या दिवशी जास्त जोर लावला, किंवा आधी तोंडाचा व्यायाम करून तो आला, तर एक-दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. शिवाय बहुतेक प्रयोगांत सर्वच रुग्णांना सुपारी सोडायला सांगितलेले असते आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरून दररोज एकेक काडी वाढवत जाण्यासारखा व्यायामही दिलेला असतो. तेव्हा लायकोपीनची कॅप्सूल घेणाऱ्याचे तोंड 5 मिलिमीटरने अधिक उघडले, यातील किती मिलिमीटर कॅप्सूलचे आणि किती काड्यांचे, हे केवळ काड्यांवर राहिलेल्या गटाकडे पाहूनच ठरते. असे अनेक प्रयोग दंतमहाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी होतात. अभ्यासक्रमच 3 वर्षांचा असल्याने रुग्ण थोडे आणि पाठपुरावा तोकडा राहतो. हा विद्यार्थ्यांचा दोष नव्हे, परंतु अशा एका प्रबंधाच्या आधारे महागडी औषधे महिनोन्महिने घेण्याचेही कारण नाही.

सांध्याच्या जुन्या दुखण्यावर आजचा पुरावा काय सांगतो

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यासाठी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या असून त्या 153 प्रयोगांच्या एकत्रित तपासणीवर आधारलेल्या आहेत. त्यांचा गोषवारा असा:

- ठाम शिफारस बाजूने: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व मानेच्या ठेवणीचे व्यायाम, सांधा हाताने हलवून मोकळा करणे, स्नायूंतील दुखऱ्या गाठी हाताने दाबून सोडवणे, दुखण्याविषयीचे विचार व सवयी बदलण्यास मदत करणारे मानसोपचार, आणि धीर, माहिती व घरचे व्यायाम एवढीच साधी काळजी.
- सौम्य शिफारस बाजूने: अॅक्युपंक्चर आणि हाताने सांध्याला झटका देऊन करायचे काही उपचार.
- सौम्य शिफारस विरोधात: काढता-घालता येणारी कवळी, सांधा धुणे, कमी शक्तीचा लेझर, बोटॉक्स, सांध्यात हायलुरोनिक आम्लाची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने, पॅरासिटामॉल, गॅबापेंटिन.
- ठाम शिफारस विरोधात: दातांची वा जबड्याची ठेवण कायमची बदलणाऱ्या कवळ्या, चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, आणि वेदनाशामकासोबत अफूवर्गीय औषधे.

‘सौम्य विरोध’ म्हणजे बंदी नव्हे. उपचाराचा फायदा नगण्य किंवा अनिश्चित असून त्रास व खर्च यांच्या तुलनेत तो बहुतेकांना परवडणार नाही, असा त्याचा अर्थ आहे. कवळीबाबत एक भेद अवश्य ध्यानात ठेवावा: झोपेत दात करकरा खाण्याने दाढा झिजत असतील, तर दात वाचवण्यासाठी रात्रीची कवळी (नाइट गार्ड) घेणे वेगळे, आणि दुखणे जाईल म्हणून घेणे वेगळे. अमेरिकेत 200 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात महागडी कडक कवळी, स्वस्त मऊ कवळी आणि कवळीशिवाय साधे उपचार या तिन्ही गटांत वर्षअखेर लक्षणीय फरक दिसला नव्हता. अडकलेल्या जबड्यासंबंधी 2007 च्या प्रयोगातही औषधे व सल्ला, फिजिओथेरपीसह पुनर्वसन, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि उघडी शस्त्रक्रिया अशा चार वाटांनी गेलेले 106 रुग्ण पाच वर्षांच्या पाठपुराव्यात सारख्याच प्रमाणात सुधारले. जिथे निकाल सारखा, तिथे जी वाट परत फिरता येण्याजोगी असेल ती आधी धरावी, हे सांगण्यास वैद्यकीय पदवी लागत नाही.

परत न फिरणाऱ्या वाटा

1983 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्हायटेक या कंपनीच्या, सांध्यातील चकतीच्या जागी बसवायच्या प्रोप्लास्ट-टेफ्लॉन रोपणाला मंजुरी दिली. ती आधीच्या साधनांशी साम्य असल्याच्या आधारावर होती, माणसांवरील दीर्घ प्रयोगांच्या आधारावर नव्हे. चावण्याच्या दाबाखाली या पदार्थाचे बारीक कण सुटू लागले, शरीराने त्या कणांविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया दिली आणि पुष्कळ रुग्णांत जबड्याचे व कवटीचे हाड झिजत गेले. 1990 मध्ये धोक्याची सूचना निघाली तोवर कंपनी दिवाळखोरीत गेली होती. ‘मंजुरी मिळालेले’ आणि ‘पारखलेले’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, एवढे यातून दिसते.

तेव्हा दुखण्यावरचा इलाज म्हणून चांगले दात घासणे, सर्व दाढांवर कॅप बसवणे, तारा लावून चावा बदलणे किंवा सांधा उघडणे, असे काही सुचवले गेले तर थांबा आणि दुसरे मत घ्या. एमआरआयमध्ये ‘चकती सरकली आहे’ असे लिहून आले म्हणून घाबरू नये. काहीही त्रास नसलेल्या लोकांपैकीही सुमारे एक-तृतीयांश लोकांत सरकलेली चकती आढळते. याउलट, लहानपणी पडल्यामुळे सांध्याचे हाड जुळून तोंड बंद झाले असेल, किंवा सांध्यात गाठ असेल, तर शस्त्रक्रिया हाच मार्ग असतो आणि तिथे व्यायामाच्या भरवशावर टाळाटाळ करणे घातक ठरते.

प्रयोगात सहभागी होण्याविषयी विचारणा झाली तर

दंतमहाविद्यालयात उपचार घेताना ‘अभ्यासात भाग घ्याल का’ असे विचारले जाण्याचा संभव असतो. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. होकार देण्याआधी पुढील गोष्टी मागा:

- मराठीत किंवा आपल्याला कळणाऱ्या भाषेत छापलेले माहितीपत्रक, आणि सही केल्यावर त्याची व संमतिपत्राची प्रत. वाचता येत नसेल, तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असला पाहिजे.
- ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या नोंदवहीतील क्रमांक. ही नोंदवही 2007 पासून चालू असून तिच्यात विनामूल्य शोध घेता येतो. 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करणे आवश्यक झाले आहे. नोंदीत ‘मुख्य माप’ काय लिहिले होते आणि पुढे अहवालात कोणत्या मापाचा गाजावाजा झाला, हे ताडून पाहिले की बरेच काही उघड होते.
- संस्थेच्या नैतिकता समितीचा दूरध्वनी. या समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो.
- इजा झाल्यास काय, याचे लेखी उत्तर. 2019 च्या ‘नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमां’नुसार नव्या औषधाच्या चाचणीत इजा झालेल्या सहभागीला मोफत उपचार आणि चाचणीशी संबंध ठरल्यास भरपाई मिळण्याचा हक्क आहे, तर शैक्षणिक चाचण्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. आपली चाचणी कोणत्या प्रकारात मोडते, हे आधीच विचारून घ्या.

कोणत्याही क्षणी, कारण न देता, सहभाग मागे घेता येतो. संमतिपत्र तिथल्या तिथे भरून देण्याचा आग्रह झाला तर ते घरी नेऊन वाचावे.

प्रयोगाबाहेरच्या नेहमीच्या उपचारातही संमतीला मर्यादा असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही आणि रुग्णाला उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके व उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगितले गेले पाहिजे. म्हणून दुर्बिणीने केवळ सांधा पाहण्यासाठी भूल देणार असतील, तर संमतिपत्रात ‘आणि आवश्यक ती अन्य शस्त्रक्रिया’ अशी ओळ छापलेली आहे का ते पाहा, आणि असल्यास ती कोणती हे त्याच ओळीपुढे डॉक्टरांकडून हाताने लिहून घ्या.